मोकळ्या जमिनीचा हिशेब

लोअर परळला सेनापती बापट मार्गावर फिनिक्स मिलचे धुराडे आजही उभे आहे. १९०५ साली स्थापन झालेल्या या गिरणीच्या आवारात आता मॉल आहे, पंचतारांकित हॉटेल आहे, कचेऱ्या आणि उपाहारगृहे आहेत, आणि लगत निवासी मनोरे आहेत. राहणे, नोकरी, खरेदी आणि करमणूक एकाच कुंपणाच्या आत आणणाऱ्या अशा जागेला नगररचनेत मिश्र वापराचे संकुल म्हणतात. मुंबईतल्या अशा संकुलांची चर्चा निघाली की फिनिक्सचे नाव यशाचा दाखला म्हणून घेतले जाते. बंद पडलेल्या गिरणीची जागा ओस न पडता पुन्हा वापरात आली, लोकांना ती आवडली, हे खरेच आहे आणि ते नाकारण्यात अर्थ नाही. पण या यशाची गोष्ट सांगताना सुरुवात नेहमी बंद दारांपासून, गंजलेल्या यंत्रांपासून होते. आधी तिथे केवळ कारखाना होता आणि मग पुनर्विकासाने तिथे शहर आणले, असा त्याचा सूर असतो. हा सूर मला मान्य नाही. गिरण्यांभोवतीच्या या वस्तीत, म्हणजे गिरणगावात, राहणे, काम, बाजार आणि करमणूक शंभर वर्षांहून अधिक काळ एकमेकांना लागूनच होती. पुनर्विकासाच्या काळात जे घडले ते माणसांना वेगळे करण्याचे काम होते. ते बाजाराच्या ओघात आपोआप घडलेले नाही. विकास नियंत्रण नियमावलीतल्या एका नियमाच्या दुरुस्तीतून ते घडले.

कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ साली ताडदेवला पहिल्या कापड गिरणीची कंपनी काढली आणि दोन वर्षांनी ती गिरणी चालू झाली. पुढच्या अर्धशतकात भायखळा, लालबाग, परळ, वरळी, प्रभादेवी या पट्ट्यात धुराडी उभी राहिली. कामगार आले ते मुख्यतः कोकणातून आणि घाटावरून, आणि बहुतेक एकटे आले. गावचे मंडळ एखादी खोली भाड्याने घेई आणि त्या एका खोलीत गावातले वीस-वीस जण राहात. रात्रपाळीचा माणूस सकाळी परतला की पहिल्या पाळीवाल्याने गुंडाळलेल्या वळकटीच्या जागी आपली वळकटी पसरे. स्वयंपाकाला जागा नव्हती, म्हणून खाणावळी आल्या. चाळीतल्याच एखाद्या खोलीत राहणारी बाई दहा-पंधरा जणांचा दोन वेळचा डबा करी आणि पैसे पगाराच्या दिवशी घेई. तिची खोली हेच तिचे घर, तिचा धंदा आणि कामगारांचे भोजनगृह. या बायका किराण्यासाठी सावकाराच्या कर्जात अडकलेल्या असत. प्रेमा पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ उभारले ते याच बायकांना संघटित करून बँकेचे कर्ज मिळवून देण्यासाठी.

चाळीच्या तळमजल्यावर वाणी, शिंपी, न्हावी, पिठाची चक्की, सायकलवाला. वर गॅलरीला लागून खोल्या. गिरणीच्या दारावर गेटसभा होत. दाराच्या आत कँटीन, पाळणाघर आणि पतपेढी. लालबागचा राजा आज देशभर ठाऊक आहे, पण तो ज्या गरजेतून बसला ती गरज बाजाराची होती. १९३२ साली पेरू चाळीतला बाजार बंद झाला, तेव्हा तिथे उघड्यावर बसणाऱ्या कोळिणींनी आणि विक्रेत्यांनी हक्काच्या जागेसाठी नवस बोलला. जागा मिळाली आणि १९३४ पासून गणपती बसू लागला. म्हणजे मुंबईतला सर्वात गर्दीचा उत्सव हा विक्रेत्यांना शहरात बसायला जागा मिळाल्याचा उत्सव आहे. परळचे दामोदर नाट्यगृह १९२२ चे. कामगार रंगभूमीची कितीतरी नाटके तिथे उभी राहिली. गिरणी, खोली, खाणावळ, बाजार, तालीम, भजनी मंडळ, युनियनची कचेरी आणि नाट्यगृह हे सगळे पायी दहा-पंधरा मिनिटांत होते. कोणत्याही वास्तुरचनाकाराने ते आखले नव्हते. कामगाराला ट्रामचे भाडे परवडत नव्हते आणि पाळीचा भोंगा चुकवून चालत नव्हते, म्हणून ते तसे झाले.

हे सांगताना जुन्या गिरणगावाला देव्हाऱ्यात बसवायचे नाही. एका खोलीत वीस माणसे राहणे ही हाल-अपेष्टा होती. कापसाच्या तंतूंनी भरलेल्या हवेत काम करून फुप्फुसे गेलेली माणसे घराघरात होती. आणि जातीची भिंत गिरणीच्या आतही होती. धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागे, म्हणून विणखात्यात, जिथे पगार जास्त होता तिथे, दलित कामगारांना घेत नसत. १९२८ च्या संपाच्या वेळी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हा प्रश्न संघटनांपुढे उघडपणे ठेवला. बायकांना तर यंत्रे बदलली, पाळ्या बदलल्या की सर्वात आधी कामावरून कमी केले गेले. तेव्हा जुने सगळे चांगले आणि नवे सगळे वाईट असा माझा दावा नाही. दावा इतकाच आहे की त्या वस्तीत कष्टकऱ्याला शहराच्या मध्यभागी राहण्याची आणि कमावण्याची जागा होती. ती जागा त्याने दीर्घ लढ्यातून थोडी-थोडी माणसाने राहण्याजोगी केली होती. नेमकी ती सुधारत असताना काढून घेतली गेली.

१८ जानेवारी १९८२ ला डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार त्यात होते. तो संप औपचारिकपणे कधीच मागे घेतला गेला नाही. संपाने गिरण्या बुडवल्या, हे वाक्य मुंबईत इतके रुळले आहे की त्याची छाननी कोणी करत नाही. भिवंडी-मालेगावच्या यंत्रमागांनी गिरण्यांचे कापड आधीच मागे टाकले होते. नवी यंत्रे घालण्याऐवजी नफा दुसऱ्या उद्योगांकडे वळवला जात होता. आणि जमीन अशी होती की तिच्यावर कापड विणण्यापेक्षा तिच्यावर काहीही न करणे अधिक किफायतशीर ठरावे. संपाने घसरणीला वेग दिला, हे मी मान्य करेन. पण दहा वर्षांनी ज्यांनी गिरण्यांच्या फाटकांना कुलूप लावले त्यांच्या हिशेबात सूत नव्हते, चौरस फूट होते. जयंत पवारांच्या ‘अधांतर’ या नाटकात संपानंतरच्या एका कामगार कुटुंबाची जी पडझड दिसते ती याच काळातली. पुढे त्यांच्या ज्या कथासंग्रहाला साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला त्याचे नावच ‘फिनिक्सच्या राखेतून उठला मोर’ आहे. मराठी साहित्याने हा हिशेब शासनाच्या आधी मांडायला घेतला होता.

आता त्या नियमाकडे येतो, कारण सारा वाद तिथे आहे.

मुंबईत अठ्ठावन्नच्या आसपास गिरण्या आणि त्यांच्याखाली सुमारे ६०० एकर जमीन होती. बेटावरच्या शहरात इतकी सलग जमीन पुन्हा कधी हाती येण्याची शक्यता नव्हती. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतल्या ५८ व्या नियमाने तिची वाटणी ठरवली. जागा पाच हेक्टरपर्यंत असेल तर ३३ टक्के महापालिकेला बागा-मैदानांसाठी, २७ टक्के म्हाडा या राज्याच्या गृहनिर्माण संस्थेला सार्वजनिक घरांसाठी आणि ४० टक्के मालकाला. जागा जितकी मोठी तितका मालकाचा वाटा कमी, दहा हेक्टरांच्या पुढे तो ३० टक्क्यांवर येई. ढोबळ मानाने एक तृतीयांश सूत्र म्हणून ते ओळखले गेले. मला हा नियम त्या काळच्या मानाने न्याय्य वाटतो. मालकाला मुंबईच्या मध्यावर विक्रीयोग्य जमिनीचा तिसरा हिस्सा मिळत होता, शहराला श्वास घ्यायला जागा मिळत होती आणि घरे मिळत होती.

नियमात एक पळवाट होती. असलेल्या बांधकामाच्या आत वापर बदलला तर वाटणीचा प्रश्न येत नव्हता. फिनिक्सचे पहिले रूपांतर नव्वदच्या दशकाच्या शेवटी असेच जुन्या शेडांच्या आतून झाले. तिथल्या बोलिंग अ‍ॅलीला कामगारांच्या करमणुकीची सोय म्हणून परवानगी घेतली गेली, असा आरोप त्या वेळी गिरणगाव बचाव आंदोलनाने केला होता. त्या आवारात जुन्या भिंती, उंच छपरे आणि धुराडे टिकले याचे कौतुक होते. ते टिकण्यामागे वारशाची कदर किती आणि नियमाचे गणित किती, हे वाचकाने स्वतः ठरवावे. भिंती टिकल्या आणि वाटणी टळली.

१९९६ साली राज्य शासनाने वास्तुरचनाकार चार्ल्स कोरिया यांच्या अध्यक्षतेखाली अभ्यासगट नेमला. राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाच्या, म्हणजे एनटीसीच्या, मुंबईतल्या २५ गिरण्या त्याच्या आराखड्याच्या केंद्रस्थानी होत्या. प्रत्येक गिरणीचे आवार सुटे-सुटे न बघता जमिनी एकत्र करून बघाव्यात, मोकळ्या जागा एकमेकींना जोडाव्यात, परळ आणि एल्फिन्स्टन रोड या शेजारशेजारच्या स्थानकांभोवती चालणाऱ्यांसाठी ऐसपैस जागा करावी, हा त्यातला गाभा. हा अहवाल कपाटात गेला.

२००१ साली ५८ व्या नियमात दुरुस्ती झाली. वाटणी फक्त मोकळ्या जमिनीची होईल, असे ठरले, आणि मोकळी जमीन म्हणजे जिच्यावर आधीपासून बांधकाम नव्हते तेवढीच. गिरणी पाडल्यावर मोकळी होणारी जमीन त्यात धरली जाणार नाही. कापड गिरणी म्हणजे आवारभर पसरलेल्या शेड. दोन खात्यांमधल्या वाटा आणि फाटकासमोरचा चौक एवढीच उघडी जागा. त्या तुकड्याचा तिसरा हिस्सा म्हणजे शहराच्या पदरात किती पडणार, हे समजायला गणिताची पदवी लागत नाही. बॉम्बे एन्व्हायर्नमेंटल अ‍ॅक्शन ग्रुप न्यायालयात गेला. ऑक्टोबर २००५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने शहराच्या बाजूने निकाल दिला आणि ७ मार्च २००६ ला सर्वोच्च न्यायालयाने तो फिरवला.

मालकांची आणि शासनाची बाजू अगदीच पोकळ नव्हती. त्यांचे म्हणणे असे की, जमिनीचा दोन तृतीयांश भाग द्यावा लागणार असेल तर कोणीही गिरणी पाडायला पुढे येणार नाही, दहा वर्षे कोणी फारसे आलेही नव्हते. आजारी कंपन्यांच्या पुनर्वसन योजनांना पैसा हवा होता, बँकांची देणी होती, आणि कामगारांचे थकलेले पगार व ग्रॅच्युइटी जमीन विकूनच देता येणार होती. जमीन अडकून राहिली तर कामगारही अडकून राहतो. हा युक्तिवाद सर्वोच्च न्यायालयाला पटला. मला तो अर्धाच पटतो. थकबाकी देण्यासाठी काही जमीन विकणे आणि संपूर्ण वाटणीच मोडीत काढणे यांत फार अंतर आहे. एनटीसीने २००५ साली विकलेल्या पाच गिरण्यांपैकी लोअर परळची मुंबई टेक्स्टाइल मिल ७०२ कोटींना गेली. सात वर्षांनी तीच जमीन सुमारे २,७०० कोटींना पुन्हा विकली गेली. मधल्या काळात त्या जमिनीवर वस्ती उभी राहिली नव्हती. किंमत वाढली ती शहराच्या रेल्वेमुळे, रस्त्यांमुळे, लोकसंख्येमुळे. ती वाढ घडवणाऱ्या शहराला तिच्यात वाटा नको, हे कोणत्या न्यायाने?

फिरून मिश्र वापराकडे. गिरण्यांची आवारे एकेकटी विकसित झाली. कमला मिल, रघुवंशी मिल, मथुरादास मिल, ज्युपिटर, एल्फिन्स्टन, श्रीनिवास. प्रत्येक कुंपणाच्या आत वास्तुरचनाकाराने विचार केला असेल, कुंपणांच्या मधल्या शहराचा विचार कोणीच केला नाही. कचेऱ्यांत येणारी लाखभर माणसे त्याच स्थानकांवर उतरू लागली जी गिरण्यांच्या काळात बांधली होती. २९ सप्टेंबर २०१७ ला सकाळी पावसात एल्फिन्स्टन रोडच्या अरुंद पुलावर चेंगराचेंगरी होऊन २३ माणसे मेली. बरोबर तीन महिन्यांनी, २९ डिसेंबरच्या मध्यरात्री, कमला मिलच्या गच्चीवरच्या पबला आग लागून १४ जणांचा जीव गेला. एक घटना कुंपणाबाहेरची, एक आतली. पुलासाठी रेल्वेकडे बोट दाखवले गेले आणि आगीसाठी पबच्या चालकांना जबाबदार धरले गेले, ते योग्यच. पण गिरणीच्या शेडवर शेड चढवून उपाहारगृहे भरायची आणि रस्त्याला एक फूटही जागा सोडायची नाही, हे ज्या नियमामुळे शक्य झाले त्याची चौकशी कुणी केली नाही. कोरियांच्या आराखड्यातली स्थानकाभोवतीची मोकळी जागा कागदावर वीस वर्षे जुनी झाली होती. अपघातानंतर लष्कराला बोलावून नवा पूल बांधावा लागला.

आज या आवारांत दुकानात उभी राहणारी मुलगी नालासोपाऱ्याहून येते, सफाईवाला दिव्याहून, सुरक्षारक्षक बदलापूरहून. रात्री दुकान बंद झाल्यावर शेवटची गाडी गाठायला त्यांची धावपळ असते. आवारातल्या उपाहारगृहात जेवण्याचा दर त्यांच्या दिवसाच्या मजुरीशी भिडतो, म्हणून ते डबा आणतात किंवा बाहेर फुटपाथवरच्या गाडीवर वडापाव खातात, आणि ती गाडीही महापालिकेच्या गाडीची चाहूल लागली की उचलावी लागते. आवारात राहणे आहे, काम आहे, जेवण आहे, करमणूक आहे. पण जो तिथे काम करतो तो तिथे राहात नाही, आणि जो तिथे राहतो त्याचे जेवण कोण बनवते ते त्याला ठाऊक नसते. खाणावळवालीला तिच्या खोलीत जेवणाऱ्या प्रत्येकाचे गाव आणि पगाराची तारीख तोंडपाठ असे. मिश्र वापर तपासायचा तर वापरांची यादी वाचून तो कळत नाही. झाडू मारणारा माणूस पायी किती अंतरावर झोपतो, हे विचारावे.

ज्यांच्या श्रमावर ही जमीन उभी राहिली त्यांच्या घरांचे काय झाले? म्हाडाच्या वाट्याला आलेल्या जमिनीवर गिरणी कामगारांना घरे द्यायचे ठरले. पहिली मोठी सोडत २०१२ मध्ये निघाली, ६,९२५ घरांची, संपानंतर तीस वर्षांनी. अर्ज आले होते दीड लाखांच्या आसपास. आजवरच्या सोडतींतली सगळी घरे मिळून अर्जदारांपैकी दहाव्या हिश्श्याच्या आसपास लोकांना पुरतील. २०१६ च्या सोडतीत पनवेलजवळच्या कोन इथली घरे लागलेल्यांना ताब्यासाठी आणखी काही वर्षे वाट बघावी लागली. आता मुंबईबाहेरच्या शेलू आणि वांगणीची नावे येतात आणि कामगार त्याविरुद्ध आझाद मैदानावर मोर्चे काढतात. सत्तरी ओलांडलेली माणसे आणि त्यांची मुले तिथे घोषणा देतात की आम्हाला मुंबईतच घर हवे. काहींना ही मागणी हटवादी वाटते. मला ती या संपूर्ण प्रकरणातली सर्वात समजूतदार मागणी वाटते. १९९१ चा नियम तसाच राहिला असता तर ती मागणी पुरवायला लागणारी जमीन शहराकडे असती.

पुनर्विकास म्हणजे माणसे हलवणेच, असे कोणी म्हणेल तर त्याला लोअर परळहून चालत जाता येईल इतक्या अंतरावरच्या ना. म. जोशी मार्गाच्या बीडीडी चाळी दाखवाव्यात. १९२० च्या दशकात बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने बांधलेल्या या चाळींत १६० चौरस फुटांच्या खोलीत तीन-तीन पिढ्या राहिल्या. वरळी, नायगाव आणि ना. म. जोशी मार्ग इथल्या रहिवाशांना त्याच जागी ५०० चौरस फुटांचे घर देण्याची योजना म्हाडा राबवते आहे आणि वरळीत पहिल्या ५५६ रहिवाशांना ऑगस्ट २०२५ मध्ये चाव्या मिळाल्या. उशीर झाला, तक्रारी आहेत, उंच इमारतीची देखभाल कशी परवडणार हा प्रश्न समोर आहे, आणि गॅलरीतले शेजारपण लिफ्टच्या दारांपाशी कसे टिकेल याची काळजी मलाही वाटते. तरीही एक गोष्ट तिथे घडली. वरळीला राहणारा माणूस वरळीलाच राहिला. हे घडू शकले कारण जमीन सार्वजनिक होती आणि शासनाने रहिवाशाचा हक्क आधी धरला, विक्रीची इमारत नंतर. दादरच्या इंदू मिलची जमीनही दीर्घ आंदोलनानंतर डॉ. आंबेडकरांच्या स्मारकासाठी मिळाली. मागणी लावून धरली तर गिरणीची जमीन सार्वजनिक कामाला येऊ शकते, याचा तो पुरावा आहे.

फिनिक्स किंवा ज्युपिटरच्या जागा आता परत मागता येणार नाहीत, तो निकाल लागलेला आहे. पण सगळी जमीन संपलेली नाही. एनटीसीच्या गिरण्यांच्या चाळी अजून उभ्या आहेत, त्यांची छपरे गळतात आणि त्यांच्या पुनर्विकासाच्या बैठका चालू आहेत. इथे विक्रीच्या मनोऱ्याची उंची ठरवण्याआधी तळमजल्याचा प्रश्न सोडवला पाहिजे. आजच्या चाळीत ज्याचे वाण्याचे, इस्त्रीचे, पोळी-भाजीचे दुकान आहे त्याला नव्या इमारतीत रस्त्याच्या कडेलाच, त्याला झेपेल अशा देखभाल खर्चात गाळा मिळाला पाहिजे. पोडियमच्या तिसऱ्या मजल्यावरच्या गाळ्यात रस्त्यावरचे गिऱ्हाईक चढत नाही, आणि सहा महिन्यांत तो गाळा भाड्याने जातो किंवा विकला जातो. आजूबाजूच्या आवारांत राबणाऱ्यांसाठी भाड्याची लहान घरे याच आराखड्यात असली पाहिजेत, कारण मालकीच्या घराची सोडत त्यांच्यापर्यंत कधी पोहोचणार नाही. आणि बांधकामाची परवानगी देण्याआधी चिंचपोकळी, करी रोड, लोअर परळ, प्रभादेवी (म्हणजे आधीचे एल्फिन्स्टन रोड) या चारही स्थानकांपर्यंत चालत जायची वाट नकाशावर आणि जमिनीवर मोकळी झाली पाहिजे. या तीन गोष्टींसाठी नवा कायदा लागत नाही. परवानगीच्या अटींत त्या लिहिता येतात, आणि अट पूर्ण होईपर्यंत भोगवटा प्रमाणपत्र अडवून धरण्याचा अधिकार महापालिकेकडे आजही आहे.